अजून एखादी जोडी उरली का?

प्रस्तावना

पाचवीच्या वर्गात फळ्यावर ३६ लिहावेत आणि मुलांना त्याचे सगळे विभाजक काढायला सांगावेत. दोन मिनिटांत वह्यांवर आकडे पडायला लागतात. कुणी १, २, ३, ४, ६ असं सरळ चालत जातो आणि तिथेच बसतो. कुणी आधी १८ लिहितो, कारण निम्मे चटकन सुचतात. कुणाला बाराचा पाढा पाठ असतो म्हणून १२ सापडतो आणि ९ राहून जातो. मग मी विचारतो, "झाले का सगळे?" वर्ग एकदम गप्प होतो. चाळीस मुलं वहीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघू लागतात. सरांच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का, मान हलते का, भुवई चढते का, यावरून उत्तर बरोबर की चूक हे ती ठरवणार असतात.

मुलांच्या त्या बघण्यासाठी हे छोटं पुस्तक लिहिलं आहे. छत्तीसचे विभाजक किती, हे कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडेल. पण ते संपले, आता एकही उरला नाही, हे मुलाला स्वतःहून कसं कळावं, याकडे आपण शाळेत फारसं लक्ष देत नाही. माझ्याकडेही कुणी दिलं नव्हतं. चौथीत असताना मी ४८ चे नऊ विभाजक लिहून वही दाखवली होती. "एक राहिला" एवढं सांगून वही परत आली. कोणता राहिला ते शोधायचं कसं, हे मला माहीत नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून एकेक आकडा तपासत बसलो, मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी बसलो होतो. राहिलेला विभाजक १६ होता. माझ्या यादीत ३ लिहिलेला होता, आणि त्या तीनचा जोडीदार म्हणजेच १६. हे तेव्हा कुणी दाखवलं असतं तर शोधायला एक क्षण लागला असता.

जोडीदार हा शब्द मी मुद्दाम वापरतो. एखाद्या पूर्ण संख्येला दुसरीने नि:शेष भाग गेला, की भागाकार म्हणून जी संख्या येते तिनेही मूळ संख्येला नि:शेष भाग जातो. विभाजक एकटा सापडतच नाही, येताना तो दुसऱ्याला हाताला धरून आणतो. १ बरोबर ३६, २ बरोबर १८, ३ बरोबर १२, ४ बरोबर ९, आणि ६ बरोबर स्वतः ६. मराठीत छत्तीसचा आकडा म्हणजे वैर, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले. पत्रिकेत मात्र छत्तीस गुण जुळले म्हणजे याहून चांगलं स्थळ नाही. विभाजकांच्या बाबतीत पत्रिकावाल्यांचं म्हणणं खरं आहे : छत्तीसमध्ये जोड्या भरपूर जुळतात.

अकोल्याहून पातूरचा घाट ओलांडून वाशीमच्या रस्त्याला लागलं, की मालेगावच्या आधी मेडशी येतं. बाजूला सागाचं जंगल, आणि जंगल संपतं तिथून वावरं : सोयाबीन, तूर, कपाशी, रब्बीला हरभरा. या पुस्तकातले धडे इथल्या मुलांना समोर ठेवून रचले आहेत. पहिल्या धड्याला लागणारं सामान इथल्या प्रत्येक घरात असतं : मूठभर हरभरे. आधी सोयाबीन घेऊन बघितलं. ते फरशीवर घरंगळत जातं आणि ओळ मोडते. हरभऱ्याला नाक असतं, तो ठेवला तिथे बसून राहतो.

चोवीस हरभरे द्यायचे आणि सांगायचं, सगळ्या ओळी सारख्या करा, एकही दाणा बाहेर राहता कामा नये. मुलं आधी चार ओळी सहा-सहाच्या करतात. मग तीन ओळी आठ-आठच्या. मग दोन, बारा-बाराच्या. एक लांबलचक ओळ करायला मात्र बराच वेळ कुणी धजत नाही, "एक ओळ म्हणजे काय ओळी झाल्या काय?" असा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. इथे शिक्षकाने घाई करू नये. एक ओळ हीसुद्धा मांडणीच, हे मुलाच्या गळी उतरायला एखादा दिवस लागला तरी चालेल. त्याच दिवशी मुलाला तेवीस हरभरे द्यावेत. त्यांची एका ओळीशिवाय दुसरी मांडणीच होत नाही. मूळ संख्या म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीने कसं सांगावं ते मला माहीत नाही.

पाच ओळींचा प्रयत्न करणारं एखादं मूल असतंच. चार-चारच्या पाच ओळी होतात आणि चार दाणे हातात उरतात. ते उरलेले दाणे मुठीत धरून ते बसतं. त्याला "चुकलं" म्हणू नये. बाकी म्हणजे काय, हे त्या मुठीत आहे.

ओळींची ही भाषा मुलांना नवी नसते. त्यांच्या बापाच्या तोंडी ती रोज असते, फक्त त्याला कुणी गणित म्हणत नाही. "कपाशी चार बाय दोनवर लावली" याचा अर्थ दोन तासांत चार फूट आणि दोन झाडांत दोन फूट. म्हणजे प्रत्येक झाडाला आठ चौरस फूट जागा. आठच्या जोड्या दोनच : १ × ८ आणि २ × ४. फुटाफुटावर झाड आणि आठ-आठ फुटांवर तास, असं कुणी लावत नाही. म्हणून उरते ती दुसरी जोडी. तीन बाय तीनवर लावली तर झाडाला नऊ चौरस फूट मिळतात, आणि चौफुली नीट पडली असेल तर डवरा आडवाही चालतो, उभाही. आडवं-उभं केलं तरी गुणाकार तोच राहतो हा नियम त्या बैलजोडीच्या पायाखाली असतो. एका एकरात चौरस फूट ४३,५६०. चार बाय दोनला ५,४४५ झाडं बसतात, तीन बाय तीनला ४,८४०. दोन्ही भागाकार नि:शेष जातात. ते का जातात, हा एका धड्याचा विषय आहे.

एकराचं उदाहरण मी थोडं लांबवतो, कारण विभाजकांच्या जोड्यांनी माणसाच्या खिशाला कसा फरक पडतो ते इथे डोळ्यांना दिसतं. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, आणि गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं असलं तरी बोलण्यात एकर आणि गुंठाच आहे. आता चाळीस गुंठे मांडायचे किती तऱ्हांनी? ४० च्या जोड्या चार : १ × ४०, २ × २०, ४ × १०, ५ × ८. चारही तऱ्हांनी जमीन एक एकरच. पण कुंपण घालायला घ्या. ५ × ८ गुंठ्यांचं वावर १६५ फूट बाय २६४ फूट होतं, त्याभोवती ८५८ फूट कुंपण लागतं. ४ × १० ला ९२४ फूट. २ × २० ला १,४५२. आणि एका गुंठ्याच्या रुंदीची, चाळीस गुंठे लांब पट्टी असेल तर ३३ फूट बाय १,३२० फूट, म्हणजे २,७०६ फूट. पीक तेवढंच, आणि तार तिपटीहून जास्त. जंगलाला लागून वावर असलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. रोही आणि रानडुकरं रात्रीतून काय करून जातात ते त्याने पाहिलेलं असतं.

आणि तरीही पट्ट्या पडतात. भावाभावांत वाटणी होते तेव्हा प्रत्येकाला रस्ता हवा, प्रत्येकाला विहिरीकडे जायची वाट हवी, म्हणून वावर लांबीत चिरलं जातं. दर पिढीला धुरे वाढतात आणि पट्टी अरुंद होते. यात कुणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. वाटेशिवायचं वावर काय कामाचं? पण शाळेतल्या मुलाने आपल्या घरच्या वावराची लांबी-रुंदी दोरीने मोजून वहीत लिहावी, जोडीची बेरीज करून दुप्पट करावी, आणि त्याच क्षेत्राच्या दुसऱ्या जोड्यांशी ताडून पाहावी. पुस्तकातला हा पाठ मला सगळ्यात जवळचा आहे. जोडीतले दोन आकडे एकमेकांच्या जितके जवळ, तितकं कुंपण कमी, हे मुलं आपण होऊन सांगतात.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येतो. संपलं हे कसं कळतं?

प्रत्येक जोडीत एक धाकटा असतो आणि एक थोरला. क्वचित दोघं जुळे असतात, ३६ च्या ६ आणि ६ सारखे. धाकटा किती मोठा होऊ शकतो? समजा दोघंही सहापेक्षा मोठे निघाले, तर त्यांचा गुणाकार सहा सक छत्तीसच्या पुढे जाईल, छत्तीस राहणारच नाही. म्हणजे छत्तीसच्या कुठल्याही जोडीतला धाकटा सहापर्यंतच्या आकड्यांत असलाच पाहिजे. एक ते सहा तपासले, प्रत्येकाचा जोडीदार लिहून घेतला, की काम संपलं. सात, आठ, दहा, पंधरा यांच्याकडे बघायची गरजच नाही. ४८ ला सुद्धा सहापर्यंतच जायचं, कारण सात सत्ते एकोणपन्नास, तिथे ४८ मागे पडतात. हजाराला एकतीसपर्यंत : ३१ × ३१ = ९६१, आणि ३२ × ३२ = १,०२४. एकराचे ४३,५६० चौरस फूट घेतले तर २०८ पर्यंत जावं लागतं. त्या संख्येच्या जोड्या बरोबर छत्तीस निघतात. एखाद्या पावसाळी रविवारी त्या सगळ्या काढून बघाव्यात.

एवढीच युक्ती. हिला वर्गमुळाची मर्यादा म्हणतात, पण वर्गमूळ हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी मूल ही गोष्ट समजू शकतं. त्याला लागतो तो फक्त पाढा, आणि पाढ्यात स्वतःशीच गुणलेली संख्या कुठे येते त्याची खूण. याच वाटेने दुसरीही एक गोष्ट कळते. एरवी विभाजकांची संख्या सम असते, कारण ते जोडीने येतात. ती विषम होते ती केवळ वर्ग संख्यांच्या बाबतीत, कारण तिथे एक जोडी जुळ्यांची असते आणि तो आकडा एकदाच लिहायचा असतो. ३६ चे विभाजक नऊ आहेत, दहा नाहीत. गुंठ्याचे १,०८९ चौरस फूटही तसेच : १ × १०८९, ३ × ३६३, ९ × १२१, ११ × ९९ आणि ३३ × ३३. जोड्या पाच, विभाजक नऊ.

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना यासाठी सूत्र शिकवतात : मूळ अवयव पाडा, प्रत्येक घातांकात एक मिळवा, गुणाकार करा. सूत्र खरं आहे आणि सुंदर आहे. पण ते आधी आलं तर मूल "नऊ" एवढं उत्तर देतं आणि ते नऊ कोणते हे विचारलं की अडतं. माझं मत स्पष्ट आहे. आधी जोड्या, हाताने, दाण्यांनी, कागदावरच्या चौकटींनी. मग मूळ अवयव. सूत्र शेवटी. या क्रमाबद्दल माझे काही शिक्षक मित्र माझ्याशी वाद घालतात, वेळ पुरत नाही म्हणतात. वेळ खरोखरच पुरत नाही, तरीही मी क्रम बदललेला नाही.

पाढ्यांबद्दल दोन शब्द. पाढा म्हणजे जोड्यांचं भांडार, पण आपण तो एकाच बाजूने पाठ करतो. बार त्रिक किती, असं विचारलं की छत्तीस येतात. छत्तीस कुठे कुठे येतात, असं विचारलं की मूल थबकतं. पुस्तकात हा खेळ दिला आहे : मी आकडा म्हणेन, तू त्याची घरं सांग. बहात्तर? बारा सक, नऊ अठ्ठे, अठरा चोक, चोवीस त्रिक, छत्तीस दुणे. दहापर्यंतचेच पाढे येणाऱ्या मुलांना ९१ फसवतात. दोन, तीन, पाच कुणीच भाग देत नाही, म्हणून ती तिला मूळ संख्या समजतात. तेरा सत्ते एक्याण्णव हे तेराचा पाढा येणाऱ्यालाच आठवतं. ५१ आणि ५७ यांचंही तेच, त्या सतरा आणि एकोणिसाच्या पाढ्यांत लपलेल्या असतात. पण जोडीची रीत येत असेल तर तेराचा पाढा नसला तरी चालतं. ९१ ला नऊपर्यंत तपासायचं, सातावर ती सापडतेच.

आपल्या आजोबा-पणजोबांची मापं या जोड्यांवरच उभी होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९२ च्या जोड्या सात. तिघा भावांत रुपया वाटायचा तर प्रत्येकाला पाच आणे चार पै, आणि कुणाच्या हातात काही उरत नसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. शंभर पैशांचा रुपया हिशेबाला सोपा झाला यात शंका नाही. पण शंभराला तिनाने भाग जात नाही, तेहतीस-तेहतीस-तेहतीस वाटून एक पैसा उरतोच. गावात आजही पिकाची "आणेवारी" म्हणतात, कागदावर तिची पैसेवारी झाली तरी. पंचांगातही असंच. सत्तावीस नक्षत्रांना चार-चार चरण, एकूण १०८. त्याच १०८ चरणांच्या बारा राशी करायच्या तर प्रत्येकीला नऊ चरण, म्हणजे सव्वादोन नक्षत्रं. ४ × २७ आणि ९ × १२ या एकाच संख्येच्या दोन जोड्या आहेत. वारकऱ्याच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेतही मणी १०८ च.

या भूमीतल्या गणितज्ञांना ही वाट जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत १३५ ला १२ ने गुणण्याच्या अनेक रीती दिल्या आहेत. त्यातली एक अशी की १२ ची जोडी फोडावी, आधी चाराने गुणावं, मग तिनाने. उत्तर १,६२०. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारल्याचं लिहिलं आहे. पुढे १३५६ मध्ये नारायण पंडितांनी गणितकौमुदी लिहिली, आणि तिच्यात संख्येचे विभाजक शोधण्यालाच स्वतंत्र जागा दिली. त्यांची एक रीत मला फार आवडते. १,१६१ घ्या. तिच्या लगेच पुढचा वर्ग ३५ चा, १,२२५. फरक ६४, आणि तो स्वतः आठचा वर्ग आहे. मग ३५ मध्ये आठ मिळवा आणि ३५ मधून आठ वजा करा : ४३ आणि २७. हीच जोडी, ४३ × २७ = १,१६१. खालून चढत जाण्याऐवजी हा माणूस मधून दोन्ही बाजूंना सरकतो. फ्रान्सच्या फर्माने हीच रीत पुढे सतराव्या शतकात मांडली आणि आज ती त्याच्या नावाने ओळखली जाते.

आणि देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, आयुष्यभर शाळामास्तरकी, आणि संख्यांवर निस्सीम प्रेम. त्यांची ६,१७४ जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून माहीत आहे. अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो त्या संख्येला त्यांनी हर्षद म्हटलं, आनंद देणारी. ६,१७४ स्वतःच हर्षद आहे : अंकांची बेरीज १८, आणि १८ × ३४३ = ६,१७४. हिच्या एकूण जोड्या बारा आहेत. अठ्ठ्याहत्तरच्या पुढे जाऊ नका, त्याच्या आतच सगळ्या धाकट्यांची गाठ पडते. शाळेत शिकवता शिकवता हे सगळं करणारा माणूस आपल्या राज्यात होऊन गेला, हे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

मोठ्या संख्यांची जोडी शोधणं इतकं अवघड का, यावर शेवटचा धडा आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करायला संगणकाला क्षणही लागत नाही. गुणाकारावरून ती जोडी परत मिळवायला मात्र वर्षं जातात. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच अडचणीचं कुलूप बनवलं. इंटरनेटवरचे गुप्त व्यवहार राखणाऱ्या कुलपांत ते आजही आहे, आणि त्यातल्या संख्या सहसा ६१७ अंकी असतात. २५० अंकी एक संख्या २०२० मध्ये फोडली गेली, त्यासाठी हजारो संगणकांना महिनोन्‌महिने राबावं लागलं. इकडे २००२ मध्ये कानपूर आयआयटीच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवून दिलं, की एखादी संख्या मूळ आहे की नाही हे तिची जोडी न शोधताही झटपट आणि खात्रीने सांगता येतं. जोडी आहे हे कळणं वेगळं आणि ती हाती लागणं वेगळं. हा फरक पाचवीच्या मुलालाही समजतो, मी तो समजावून पाहिला आहे.

पुस्तक वाचण्याची एकच विनंती. घरच्यांनी मुलाला उत्तर सांगू नये आणि उत्तर बरोबर की चूक हेही लगेच सांगू नये. "कुठपर्यंत गेलास?" एवढंच विचारावं.

मेडशीला हे धडे करून पाहत होतो तेव्हा एका मुलीला सत्त्याण्णव हरभरे दिले होते. तिने दोन ओळी करून पाहिल्या, एक उरला. तीन करून पाहिल्या, पुन्हा एक उरला. मग दाणे मांडायचं सोडून ती तोंडानेच पाढे म्हणू लागली. सातावर थांबली, आठ आणि नऊ बोटांवर केले. मी सवयीने विचारलं, "झाले का सगळे?" ती म्हणाली, "दहावर कायले जाऊ सर? दहा दाहे शंभर होतात." आणि माझ्याकडे न बघता हरभरे वाटीत भरू लागली.